एक्याण्णव कोणाचा?

नौपाड्यातल्या एका लहानशा हॉलमध्ये सरांची शोकसभा झाली. पहिल्या वक्त्यानं त्यांना 'मनमिळाऊ' म्हटलं, दुसऱ्यानं म्हटलं, आणि तिसऱ्यानंही तेच म्हटलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मनमिळाऊ! ज्या माणसानं लॅबच्या दारावर 'आत येण्याआधी परत जाण्याचा विचार करावा' अशी पाटी स्वतःच्या हातानं रंगवून लावली होती, तो मनमिळाऊ? चौथे गृहस्थ 'अजातशत्रू' म्हणायला उभे राहिले तशी मी उठले आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. गेलेल्या माणसाला हार घालायचा तर घाला, पण दुसऱ्याच कोणाचे तरी गुण त्याला कशाला चिकटवता? सर ऐकत असते तर खेकसले असते, "कोणाचा? हा गुण कोणाचा? कशावरून माझा?"

'कोणाचा?' हा त्यांचा शब्द. दिवसातून शंभर वेळा. एकदा ऑफिसातला एक क्लार्क पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "सर, मुलगा झाला." सर कागदातून मान वर न काढता म्हणाले, "कोणाचा?" तो बिचारा पेढ्यांचा पुडा धरून तसाच उभा. आम्ही तोंडावर हात दाबून बाहेर पळालो. सरांना आपण काय बोललो याचा पत्ताही नव्हता. त्यांनी पेढा घेतला, मधोमध मोडला, तो कसा मोडला ते नीट बघितलं आणि मग खाल्ला.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमची कंपनी औषधांना लागणारी रसायनं बनवायची. कारखाना डोंबिवलीच्या एमआयडीसीत आणि तपासणीची लॅब ठाण्यात. मी डोंबिवलीची, नुकतीच एम.एस्सी. झालेली, तेवीस वर्षांची. त्या लॅबमध्ये रेणूंचं वजन करणारं एक मोठं यंत्र होतं आणि त्या यंत्राचे मालक असल्यासारखे सर होते. मी पहिल्या दिवशी नमस्कार केला तर म्हणाले, "बाई, त्या पंपाला हात लावून बघा, ताप आहे का." मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. रोज सकाळी आल्याआल्या ते व्हॅक्यूम पंपाच्या पाठीवर तळवा ठेवून उभे राहायचे, आणि पंप नेहमीपेक्षा गरम लागला तर त्या दिवशी कोणाशी बोलायचे नाहीत.

मला ते शेवटपर्यंत 'बाई' म्हणाले. माझ्याबरोबरच्या मुलाला 'बुवा'. खुर्चीवर कधी बसले नाहीत, त्यांचं एक लाकडी स्टूल होतं. गळ्यात दोन चष्मे, दोन वेगळ्या दोऱ्यांना बांधलेले, आणि हवा तो कधीच हाताला लागायचा नाही. यंत्राच्या कॉम्प्युटरवर ते पंचा टाकून ठेवत. हो, पंचा, अंघोळीचा. कारण कॉम्प्युटर आपल्या यादीशी ताडून बघून 'हा पदार्थ अमुक असावा' असं सांगायचा, आणि आम्ही कागद वाचायच्या आधी ते वाचू नये, अशी त्यांची सक्त ताकीद होती. "आधी स्वतः चुका," म्हणायचे, "मग त्याला चुकू द्या."

यंत्राचं काम तसं सांगायला सोपं आहे. रेणूला विजेचा भार द्यायचा आणि त्याचं वजन करायचं. पण नुसत्या वजनावरून ओळख पटत नाही. किलोभर तांदूळही भरतात आणि किलोभर खिळेही. म्हणून रेणू फोडायचा. बाटलीतल्या सगळ्या गर्दीतून आपल्याला हव्या त्या वजनाचा तेवढाच रेणू निवडायचा, बाकीच्यांना वाटेतच अडवायचं, मग त्या निवडलेल्याला आर्गॉन वायूच्या दाटीत लोटायचं. तिथे तो आपटतो, फुटतो, आणि पुढे त्याच्या तुकड्यांची वजनं होतात. कागदावर उभ्या काड्या उमटतात, एकेक काडी म्हणजे एकेक तुकडा. तुकड्यांवरून मूळचा रेणू जुळवायचा.

हे शिकवायला सरांनी पँट्रीतले किती कप फोडले, त्याची गणती नाही. कप टेबलाच्या कडेवरून खाली सोडायचे आणि विचारायचे, "आधी काय गेलं?"

"कान गेला, सर."

"कानच का गेला?"

"तिथला जोड कच्चा असतो म्हणून."

"आता हाच कप भिंतीवर हाणला तर?"

"भुगा होईल."

"भुग्यावरून कप होता की बशी, सांगता येईल? मग यंत्राचा जोर कमी ठेवा. जास्त जोर लावला की सगळे सारखेच दिसतात."

पँट्रीतला माणूस शेवटी आमच्या लॅबला स्टीलच्या पेल्यात चहा द्यायला लागला. मला एक स्थळ सांगून आलं होतं, ते कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं. तेव्हा एवढंच म्हणाले, "मुलगा थोड्या जोरावर कसा तुटतो ते बघा. एखादा मोठा आघात झाला तर सगळेच सारखे तुटतात, त्यावरून काही ठरवू नका." आई म्हणाली, असल्या माणसाच्या हाताखाली तू काम करतेस?

करत होते, आणि रडतही होते. पहिल्या महिन्यात त्यांनी माझे चार रिपोर्ट फाडले. प्रत्येक तुकड्यासमोर तो 'कोणाचा' हे लिहायचं, कशावरून ते लिहायचं, आणि फुटताना जो भाग निसटून गेला तोही लिहायचा. निसटलेल्या भागावर भार नसतो, म्हणून तो यंत्राला दिसत नाही, वजाबाकी करून काढावा लागतो. "राहिलेलं सगळेच लिहितात," सर ओरडायचे, "गेलेलं कोण लिहिणार? मी?" आवाज असा की शेजारच्या पॅकिंगमधली माणसं बघायला यायची. मला त्यांचा भयंकर राग यायचा. तो अजून आहे, फक्त त्याचं कारण बदललं.

ज्या प्रकरणावरून बदललं, ते आता सांगते.

डोंबिवलीच्या कारखान्यात एक माल बिघडला. त्यात एक नको असलेला पदार्थ निघाला, मूळ मालापेक्षा वजनानं बरोब्बर चौदानं जास्त. म्हणजे रेणूला एक जास्तीचा मिथाइल, कार्बन आणि हायड्रोजनचा छोटासा गट, चिकटला होता. प्रश्न एवढाच होता की कुठे चिकटला, रेणूच्या डोक्याला की शेपटीला; त्याच्या दोन टोकांना आम्ही असंच म्हणायचो. शेपटीला चिकटला असेल तर तो कारखान्यात चिकटला, भट्टी जास्त तापवल्यामुळे, म्हणजे चूक ऑपरेटरची. डोक्याला चिकटला असेल तर तो विकत आणलेल्या कच्च्या मालातूनच आला, म्हणजे चूक स्वस्तातला माल घेणाऱ्या साहेबांची. दोन्हीकडे वजन सारखंच. फोडून डोकं वेगळं काढलं तरच कळणार. साध्या डोक्याचं वजन एक्याण्णव, मिथाइलवाल्या डोक्याचं एकशेपाच.

ऑपरेटर होता काशिनाथ. एमआयडीसीला लागून असलेल्या गावातला, आगरी. ज्या जागेवर तो कारखाना उभा होता, तिथे त्याच्या आज्याचं भाताचं शेत होतं. जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, ती त्याला. सोळा वर्षं भट्टीवर काढली. तो सांगत होता, "पारा साठच्या वर गेलाच नाय. मी उबा व्हतो तिथं." त्याचं कोण ऐकतंय? साहेबांनी ठरवून टाकलं होतं की पाळीत झोप काढली आणि वहीत आकडे मनानं भरले.

सर त्या आठवड्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये होते. वर्क्स मॅनेजरचा मला फोन आला.

"मॅडम, रिपोर्ट दुपारपर्यंत पायजे. हेड ऑफिसला फॅक्स मारायचाय."

"सर, आर्गॉनचा सिलिंडर संपलाय. नवा बुधवारी येईल. त्याशिवाय तो एकटा वेगळा काढून फोडता येणार नाही."

"अरे यार, एवढं काय सायन्स लावताय? साधा रन काढा ना. आपल्याला माहितेय काय झालंय. मिथाइल शेपटीला लागलाय, एवढं कन्फर्म करा आणि सही मारा."

मी साधा रन काढला. म्हणजे काय केलं, तर बाटलीतलं सगळं एकदम आत सोडलं. त्यात चांगला माल भरपूर आणि बिघडलेला चिमूटभर. आत शिरताना थोडंफार आपोआप फुटतं, ते फुटलं. कागदावर एक्याण्णवची काडी ताडासारखी उंच आली. एकशेपाचवर एक बारीकशी काडी होती. मी ती कचरा समजले. समजले म्हणजे काय, समजून घ्यायचं ठरवलं. 'डोकं साधं आहे, मिथाइल शेपटीला आहे,' असं लिहिलं आणि खाली सही केली. फॅक्स गेला. त्याच संध्याकाळी काशिनाथला ऑफिसात बसवून त्याच्याकडून राजीनाम्यावर सही घेतली.

हे लिहिताना आजही माझे कान तापतात. त्या मॅनेजरचा राग येतो, कच्च्या मालाचा दर बघून वास न बघणाऱ्या त्या वरच्या साहेबांचा येतो, पण त्यांचं जाऊ द्या, ते तसलेच होते. मला शिकवलेलं होतं. रोज ओरडून शिकवलेलं होतं. एक्याण्णव कोणाचा, एवढा एक प्रश्न मला त्या दुपारी विचारायचा होता, आणि तो विचारणारा समोर नव्हता म्हणून मी विचारला नाही.

सर चौथ्या दिवशी आले. डॉक्टरांनी पंधरा दिवस विश्रांती सांगितलेली, तरी आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्याला भिंग लावून त्यांनी माझा रिपोर्ट वाचला. फाडला नाही. मला वाटलं, फाडावा.

"एक्याण्णव कोणाचा?"

"सर, त्या बिघडलेल्या पदार्थाचा."

"कशावरून?"

मी कागदावरच्या उंच काडीवर बोट ठेवलं.

"आर्गॉन होता?"

"नव्हता, सर."

"मग बाटलीत दोघं होते. दोघांचे तुकडे एका ढिगात. त्यातला एक तुकडा उचलून तुम्ही एकाच्या नावावर टाकलात." आवाज चढला नव्हता. त्यांचा आवाज न चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

सिलिंडर बुधवारी आला. सरांनी तो स्वतः जोडला, एका डोळ्यानं. चौदानं जड असलेला तेवढाच निवडला, बाकी सगळ्यांना वाट बंद केली, जोर कमी ठेवला आणि फोडला. पंधरा मिनिटांचं काम. कागद बाहेर आला. एकशेपाचची काडी कागदाच्या माथ्यापर्यंत. एक्याण्णवच्या जागी काही नाही, कोरं.

"एक्याण्णव दिसतो?"

"नाही."

"मग तुमचा तो उंच एक्याण्णव कोणाचा होता?"

"चांगल्या मालाचा, सर. मिथाइल डोक्यालाच आहे. कच्च्या मालातून आलाय."

"आणि काशिनाथ?" ते म्हणाले.

त्यांना त्याचं नाव ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. हा माणूस शेजारच्या टेबलावरच्यालाही 'बुवा' म्हणायचा.

मॅनेजर दुसऱ्या दिवशी ठाण्याला आला. सरांच्या केबिनचं दार नीट लागायचं नाही, आणि मी बाहेर कागदांची चळत घेऊन उभी होते.

"सर, रिपोर्ट वर गेलाय," मॅनेजर सांगत होता. "आता मी काय बोलू, लॅबनं माती खाल्ली? बोलतो ना. पण कोणी खाल्ली त्याचं नाव द्या. लेखी. त्या पोरीला घरी बसवतो, रिपोर्ट मागे घेतो, तुमच्या त्या ऑपरेटरला परत घेतो. एकाच्या बदल्यात एक. सिंपल."

"उद्या लेखी देतो," सर म्हणाले.

वडील त्याच वर्षी रिटायर झालेले, धाकटा भाऊ शिकत होता. संध्याकाळी सर माझ्या टेबलाशी आले. वाटलं, आता सांगतील. ते म्हणाले, "बाई, उद्या येऊ नका. परवा या." मी का म्हणून विचारलं नाही. घरी पोट दुखतंय असं सांगून दिवसभर झोपून राहिले.

परवा गेले तेव्हा स्टूल रिकामं होतं. पंचा घडी घालून कॉम्प्युटरवर ठेवलेला. मॅनेजर फोनवर म्हणाला, "म्हाताऱ्यानं राजीनामा दिला. डोळ्याचं कारण आहे. सनकी माणूस होता यार." पुढच्या आठवड्यात काशिनाथ कामावर परत आल्याचं कळलं. मला कोणी एक शब्द विचारला नाही. दोन आणि दोन चार मला करता आले असते. मी केले नाहीत. मी सगळ्यांना सांगत सुटले, की सर आम्हाला वाऱ्यावर सोडून गेले, तिरसट माणूस, कोणाशी पटलं नाही. इतक्यांदा सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं, आणि मी त्यांच्यावर अगदी मनापासून चिडले.

एकदा नौपाड्यात त्यांच्या घरी गेले होते. बारावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे म्हणे. त्यांनी दार हातभर उघडलं. आत कप फुटल्याचा आवाज आला आणि पोरं हसली.

"पंप कसा आहे?" सरांनी विचारलं.

"बरा आहे, सर."

"आर्गॉन संपायच्या आधी मागवत जा," म्हणाले आणि दार लावून घेतलं. मी जिन्यातच रागानं रडले. एवढ्या लांब आले तर चहा नाही, या बसा नाही! मला काय बोलायचं होतं, ते त्यांना ठाऊक होतं म्हणूनच दार लागलं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं ते हॉलमधल्या फोटोतच. फोटोत एकच चष्मा होता.

तर मी पॅसेजमध्ये उभी होते, आणि तिथे खांबाशी एक माणूस चपला हातात घेऊन उभा होता. पांढरा शर्ट, केस पिकलेले. त्यानंच मला ओळखलं.

"मॅडम ना तुमी? लॅबवाल्या? मी काशिनाथ."

मी म्हटलं, "आत चला ना, काशिनाथदादा."

"नको. मना तो भाषान नाय समजत." त्यानं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून घडी घातलेला कागद. "सायेब ज्या दिवशी कंपनी सोरून गेलं, त्या दिवशी माज्या घरी आलेलं. डोल्यावर हिरवी पट्टी. वोट्यावर बसलं, पानी पिलं, मना हात जोरलं. बोललं, चूक माजी हाय. ह्ये वाचा."

सरांचंच अक्षर. मॅनेजरला दिलेल्या पत्राची नक्कल, मराठीत. 'सदर चाचणी माझ्या सूचनेवरून आणि माझ्या पद्धतीने झाली. एक्याण्णवचा तुकडा मी चुकीच्या पदार्थाच्या नावावर टाकला. रिपोर्टवर बाईंची सही आहे ती केवळ माझ्या अनुपस्थितीमुळे. या चुकीशी त्यांचा संबंध नाही.'

माझ्या अंगाची लाही लाही झाली. कोणी अधिकार दिला होता यांना? आयुष्यभर दुसऱ्यांचे रिपोर्ट फाडले, प्रत्येक तुकडा ज्याचा त्याच्या नावावर लिहा म्हणून घसा फोडला, आणि स्वतः बेधडक खोटं लिहून दिलं! एवढ्या वर्षांत एकदा दार उघडं ठेवलं असतं तर मी म्हटलं असतं, सर, माझं मला परत द्या. आता मागू कोणाकडे? फोटोकडे?

मी काशिनाथला म्हटलं, "दादा, हे खोटं आहे. चूक त्यांची नव्हती. माझी होती."

तो कागदाची घडी घालत होता. "मना ठाव हाय," म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"तुमच्या रिपोर्टावर तारीख व्हती. राजीनामा घेताना त्यांनी तो मना दाखवलेला. त्या तारखेला सायेब हॉस्पिटलात व्हतं. वोट्यावर बसून त्यांनीच सांगितला, ऑपरेशन कदी जालं. मंग कसा करतील ते?"

"मग तुम्ही एवढी वर्षं बोललात का नाही? कंपनीत रोज माझं नाव ऐकत होतात."

"सायेबांनी लिवून दिलेला," काशिनाथ म्हणाला. "त्यांचा लिवलेला मी कशाला खोटा करू?"

आत टाळ्या वाजल्या. अजातशत्रू संपले असावेत. संचालन करणारा विचारत होता, आणखी कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. मी काशिनाथकडे तो कागद मागितला. त्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग दिला.

मी आत जाऊन माइक हातात घेतला. पहिल्या रांगेत तो मॅनेजर बसला होता, आता टक्कल पडलेला. मी म्हटलं, "सर मनमिळाऊ नव्हते. त्यांच्या नावावर एक चूक लागलेली आहे. ती माझी आहे."